रिकाम्या बरण्या

आमच्या रनाळ्याच्या घरात काचेच्या अकरा बरण्या होत्या. ‘होत्या’ म्हणते, कारण आता दहा उरल्या आहेत; अकरावीचे काय झाले ते पुढे सांगायचेच आहे. स्वयंपाकघरात छताच्या हातभर खाली एक लांब फळी ठोकलेली आहे. तिच्यावर त्या उंचीप्रमाणे ओळीने उभ्या असत. लहानपणी मला ती ओळ शाळेतल्या कवायतीसारखी वाटे. सर्वांत उंच बरणी डाव्या टोकाला, आणि उजव्या टोकाला माझ्या विषमज्वरात आणलेली हॉर्लिक्सची बुटकी बाटली. मी बरी झाल्यावर ती बाटली मेथीदाण्यांकडे गेली आणि पुढे चाळीस वर्षे मेथीदाण्यांचीच राहिली. आमच्या घरात वस्तूला एकदा नेमणूक मिळाली की तिची बदली होत नसे.

नंदुरबारहून दोंडाईच्याकडे निघाले की वाटेत आमचे गाव लागते. दिवाळीच्या सुमारास या मुलखात पाऊल टाकले की आधी नाकाला कळते. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडायला लागलेली असते, आणि गाडीच्या खिडकीतून तो तिखट वास आत आला की माझ्यासारख्या माहेरवाशिणीला शिंकही येते आणि डोळ्यांत पाणीही येते. त्यातले मिरचीचे किती आणि माहेराचे किती, याचा हिशेब मी कधी केला नाही. शेतात कापूस फुटलेला असतो, बाजरी खळ्यावर आलेली असते, आणि घराघरांतून झाडलोट चाललेली असते.

आमच्या घराचा खरा हिशेब त्या फळीवर होता. आबांच्या वहीत शेताचा जमाखर्च असे, पण घरात माणसे किती आणि वर्ष कसे जाणार, हे बरण्यांवरून कळे. कैऱ्या आल्या की माय चार दिवस कोणाशी धड बोलत नसे. कैऱ्या फोडायच्या, कोयी काढायच्या, फोडींना मीठ-हळद लावायची, मसाला कुटायचा, तेल तापवून निववायचे. ओला हात बरणीच्या जवळपासही चालत नसे. भरून झाले की पांढऱ्या धुवट कापडाचा दादरा तोंडावर बांधायचा आणि बरणी फळीवर चढवायची. आजी होती, दोन काका होते, आम्ही भावंडे होतो, सालदार होता, येणारे-जाणारे होते. अकरापैकी सात बरण्या नुसत्या लोणच्याच्या. माझे लग्न झाले त्या वर्षी सहा भरल्या. काका वेगळे झाले तेव्हा चार. दादा सुरतेला गेला आणि तिथेच स्थिरावला, तेव्हा दोन. २०१९ साली आबा गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी विचारले, “माय, लोणचं?” ती म्हणाली, “इतलं लोनचं कोन खाई?” आणि विषय संपला.

तेव्हापासून बरण्या रिकाम्या होत्या. रिकाम्या म्हणजे टाकून दिलेल्या मात्र नव्हेत. दर दिवाळीला माय त्या खाली काढी, पुसे, स्वच्छ दादरे बांधी आणि पुन्हा वर ठेवी. आत काही नाही, तरी तोंडे बांधलेली. भंगारवाला गल्लीत ओरडत आला की ती दार लोटून घेई. दादा दरवर्षी म्हणे, “माय, आता सुरतेला चल. या घरात काय आहे?” ती बोटाने फळी दाखवी. दादाला वाटे, म्हातारपणी माणसाला असे खूळ लागते.

गेल्या दिवाळीला मी चार दिवस आधीच रनाळ्याला गेले. मी धुळ्याला तीस वर्षे शाळेत शिकवले. आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळेची श्रीमंती आली आहे. जुन्या बरण्या-बाटल्यांच्या फुलदाण्या करण्याचा छंद मला निवृत्तीनंतर लागला. माझ्या मनात आले, या बरण्या नुसत्या पुसून पुन्हा वर ठेवण्यापेक्षा त्यांच्यात फुले का ठेवू नयेत? मायला विचारले. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. “कर बाई” म्हणाली. मुलीला वर्षातून दोनदा माहेर मिळते, तेव्हा तिच्या हाताला काहीतरी चाळा हवा, इतकाच त्या ‘कर’चा अर्थ होता.

फुलदाणीचे पहिले काम म्हणजे बरणीची जुनी ओळख पुसणे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. कागदी चिठ्ठी कोमट पाण्यात भिजवली की निघते; मागे राहिलेला डिंक गोडेतेलाच्या बोटाने चोळला की सुटतो. तेलकटपणाला धुण्याचा सोडा चालतो. पण वास! चाळीस वर्षे मुरलेला मोहरी-हिंगाचा वास बरणी सहजासहजी सोडत नाही. खाण्याचा सोडा घातलेले पाणी रात्रभर भरून ठेवावे, दुसऱ्या दिवशी उन्हात उपडी करावी, पुन्हा भरावी. मग लक्षात येते की वास काचेला नसतोच. काच काही धरून ठेवत नाही. धरून ठेवते ते झाकण आणि झाकणातली चकती. झाकणे मी बाजूला काढून ठेवली. फुलदाणीला झाकण लागत नाही.

घाई मात्र करू नये. मी केली. सर्वांत उंच बरणी थंड पाण्याने धुतली आणि तेल लवकर सुटावे म्हणून लगेच तिच्यात उकळते पाणी ओतले. टण्‌ असा बारीक आवाज झाला, बुडापासून गळ्यापर्यंत एक रेघ गेली, आणि बरणी दोन तुकडे होऊन मोरीत पडली. शाळेत मीच मुलांना सांगत आले होते की काच उष्णता फार हळू वाहून नेते. आतला थर तापून पसरू पाहतो, बाहेरचा थंडच असतो, आणि त्या ओढाताणीत काचेला तडा जातो. काच जितकी जाड तितका धोका अधिक. सांगणे निराळे आणि मोरीत उभे राहून ते पाहणे निराळे. ती बरणी आजीच्या वेळची होती. तिच्या बुडाशी झिजलेली अक्षरे होती, वाचता येत नसत. पण आबा मोठ्या अभिमानाने सांगत की ती तळेगावची आहे.

तळेगावची, म्हणजे पैसा फंडाची. आजच्या मुलांना ती हकीकत ठाऊक नसते. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी माणसामागे एक पैसा मागून देशी उद्योगांसाठी निधी उभारण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारख्या परदेशात शिकून आलेल्या तज्ज्ञाने तिथे मुलांना काच करायला शिकवले. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेड्याखेड्यांतल्या ओसरीवर लागला. आमच्या बरणीवरची अक्षरे खरोखर तळेगावची होती की नाही, कोण जाणे. आबांचा तसा विश्वास होता, आणि त्या विश्वासानेच ती बरणी घरात मोठी मानली जाई. ती मी फोडली.

माय आवाज ऐकून आली. मी तोंड उघडायच्या आत तिने सूप आणले, खाली बसली आणि तुकडे गोळा करू लागली. मी म्हटले, “माय, फुटली गं.” ती म्हणाली, “फुटनी नको म्हनू. वाढनी म्हन.”

आपल्याकडे हा शब्द साऱ्यांच्या ओळखीचा आहे. बांगडी फुटली असे सवाष्ण म्हणत नाही, वाढली म्हणते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून उलटा शब्द वापरायचा. माय ते सहज बोलली. पण मला मोरीत उभ्या उभ्या दुसरा एक दिवस आठवला. आबा गेले त्या दिवशी गल्लीतल्या बाया आत आल्या, आणि त्यांनी मायच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाढवल्या. मी दारात उभी होते. मी शिकलेली, कमावती. वर्गात महर्षी कर्व्यांचा धडा शिकवताना माझा आवाज चढत असे. एक पाऊल पुढे टाकून “राहू द्या” म्हणायला मला कोणी अडवले नव्हते. मी म्हटले नाही. त्या दिवसापासून मायने केसांत फूल घातले नाही. घालू नको असे तिला कोणी सांगितले नाही, आणि घाल असेही कोणी सांगितले नाही, मीसुद्धा नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसेच करावे असे परिपत्रक काढले. मी ती बातमी मायला मोठ्याने वाचून दाखवली होती. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, “चांगलं शे. पन लांब शे ते गाव.” मग पीठ चाळायला घेतले.

बरणी वाढली, तरी उरलेल्यांचे काम थांबवून चालणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी चार बरण्या घेऊन ओसरीवर बसले. एकीला गळ्यापासून निम्म्यापर्यंत सुतळी गुंडाळली. खळ लावून एकेक वेढा दाबत गेले की ती अंगाला घट्ट बसते. एकीला चुन्यात नीळ कालवून बाहेरून पट्टे दिले. तिसरीच्या गळ्याभोवती लांबीची पातळ पट्टी चढवली, आणि तिच्यात रोवायला काहीतरी चकचकीत हवे म्हणून मी मायला हाक मारली, “आमचा काचापाण्याचा डबा आहे का गं अजून?”

लहानपणी आम्ही मुली बांगड्यांचे तुकडे जमवून काचापाणी खेळत असू. तो डबा असणारच होता. या घरात काय टाकले गेले होते? मायने आणून दिला. लाल, जांभळे, सोनेरी ठिपक्यांचे, आणि तळाशी एका कागदात बांधलेले हिरवे तुकडे. कागद नवा होता. आमच्या लहानपणीचा नव्हता. मी मायकडे पाहिले. ती म्हणाली, “त्या पन लाव. काच काय, काचच ऱ्हास.”

मी लावल्या. हात थोडा थरथरत होता, त्यामुळे ओळ वाकडी आली.

संध्याकाळी परसातला झेंडू आणि तगर घेऊन ती बरणी मी मायच्या खोलीत, खिडकीपाशी ठेवली. रात्री पाहते तो बरणी देव्हाऱ्याजवळ. “देवले शोभस,” माय म्हणाली. मी पुन्हा खिडकीत ठेवली. सकाळी ती पुन्हा देवापाशी. असे दोन दिवस चालले. आम्ही दोघी एक शब्द न बोलता एक बरणी इकडून तिकडे हलवत होतो. तिसऱ्या दिवशी मी सरळ विचारले, “माय, तुझ्या खोलीत फुलं नकोत का?”

“मन्हा खोलीमा कोनाकरता?” ती म्हणाली.

या प्रश्नाला उत्तर मला सुचले नाही. खरेच, आमच्या घरात फुले कोणाकरता असत? देवाकरता, किंवा बायकांच्या केसांत. नुसते बघायला म्हणून फूल कोणी घरात आणले नाही. फूल आणि बरणी यांची गाठच पडण्यासारखी नव्हती. बरणी उद्याची. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये निकोला आपेर याने अन्न काचेच्या बाटलीत भरून, बूच गच्च बसवून, बाटली उकळत्या पाण्यात ठेवून ते महिनोन्‌महिने टिकवून दाखवले, आणि सरकारकडून बारा हजार फ्रँकचे बक्षीस मिळवले. १८१० साली त्याने ती रीत छापून प्रसिद्ध केली. ते का टिकते हे सांगायला पाश्चर यावा लागला. पण टिकवायचे कसे, हे आपेरला जमले आणि आमच्या आजीलाही जमले होते. गृहिणीचे सारे शहाणपण तोंड घट्ट बांधण्यात. माझ्या मायने जन्मभर तेच केले. लोणचे उद्यासाठी, दाणे उद्यासाठी, चांगले लुगडे पुढच्या लग्नासाठी. आणि ज्यांच्यासाठी भरून ठेवले ते एकेक करून उठून गेल्यावरही ती रिकाम्या बरण्यांची तोंडे बांधत राहिली. फूल बांधून ठेवता येत नाही. ते आजच पाहायचे असते, आणि पाहणारे माणूस घरात आहे हे आधी कबूल करावे लागते.

हे सारे मी तिला बोलून दाखवले नाही. शिक्षिकेला भाषण सुचते, पण आईपुढे करता येत नाही. मी एवढेच म्हटले, “माझ्याकरता ठेव. मी तुझ्या खोलीत झोपते ना.”

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगाच्या गडबडीत मी उठले तो माय अंथरुणात नव्हती. परसात दिवा दिसला. ती दगडावर बसली होती. पुढ्यात विळी, आणि विळीशेजारी शेतातून आणून ठेवलेल्या वस्तू: फुटलेल्या बोंडांच्या कापसाच्या दोन काड्या, बाजरीची चार कणसे, आणि थोडी शेवंती. ती शेवंतीचे देठ तिरपे कापत होती. मी आदल्या दिवशी सहज सांगितले होते की देठ तिरपा कापला तर पाणी ओढायला तोंड मोठे मिळते. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, नाहीतर ती कुजतात आणि पाणी नासते. आणि फुले पिकल्या केळ्यांजवळ ठेवू नयेत, पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि फुले लवकर मान टाकतात. मला वाटले होते, तिचे लक्ष नव्हते. देवापुढची केळी तिने रात्रीच शिंक्यात टांगली होती.

तिने दोन बरण्या सजवल्या. नीळ दिलेल्या बरणीत कापूस आणि बाजरी, कोरडीच, पाण्याविना. महिनाभर अशीच राहील, म्हणाली. शेवंती मात्र हिरव्या काचांच्या बरणीत, आणि ती बरणी तिने स्वतः उचलून खिडकीत ठेवली, आपल्या खाटेच्या उशाशी.

इतक्यात शेजारची काकी फराळाचे ताट घेऊन आली. वयाने मायच्याच बरोबरीची, जिभेने थोडी तिखट. खोलीत डोकावून म्हणाली, “काय व, उशाशी फुलं मांडी बसनी?” माझ्या पोटात गोळा आला. या खेपेला गप्प राहायचे नाही असे ठरवून मी पुढे झाले. पण मायने मला बोलू दिले नाही. शांतपणे ताटातली करंजी उचलत ती म्हणाली, “मी कोठे माळस? बरनी माळस.”

काकी क्षणभर बघत राहिली, मग हसली. माय हसली. मीही हसले, पण मला थोडे तोंड फिरवावे लागले. काकी निघताना फळीकडे बघत म्हणाली, “एखादी बरनी माले दे ना मंग.” काकांना जाऊनही चार वर्षे झाली आहेत.

मी माझे न बोललेले वाक्य अजून बोललेले नाही. ते बोलायची वेळ निघून गेली, आणि बरण्यांना सुतळी गुंडाळून ती भरून येणार नाही. पण मायला माझ्या वाक्याची वाट पाहायची गरज उरली नव्हती, असे त्या सकाळी मला वाटले.

भाऊबीजेला दादा आला. त्याने फळीकडे पाहिले तर अर्धी फळी मोकळी. त्याला वाटले, माय सुरतेला यायला तयार झाली. मायने त्याला ओवाळले आणि बरण्यांची नवी वाटणी सांगितली. दहांपैकी तीन फुलांच्या. एक शेजारी दिली. मेथीदाण्यांची मेथीदाण्यांकडेच राहील. उरल्या पाच. त्यांचे दादरे तिने सोडून टाकले होते. मी निघताना ती मला म्हणाली, “आखाजीले ये. कैऱ्या फोडाले.”

“इतकं लोणचं कोण खाणार?” मी विचारले.

“दोन भरू,” ती म्हणाली. “एक तुले, एक माले.”

आता धुळ्याहून मी रोज संध्याकाळी फोन करते. पूर्वी मी विचारी, जेवलीस का, गोळी घेतली का, आणि ती ‘हां’ ‘हां’ म्हणे. आता ती आधी सांगते. परवा म्हणाली, शेवंती संपली, आता तगर ठेवली आहे. बाजरीची दोन कणसे चिमण्यांनी खिडकीतून येऊन खाल्ली, ती तशीच ठेवली आहेत. आणि फोन ठेवता ठेवता, जसे काही रोजचे काम सांगावे तसे म्हणाली, “पानी बदलं मी.”